जर्मनीहून आलेला पंप

माझे वडील, अण्णा, गेल्याला तेवीस दिवस झाले होते, तेव्हा विजयसिंहांचा फोन आला. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या क्लबाचा तज्ज्ञ रविवारी त्यांची मर्सिडीज तपासायला येणार होता. कंपनीतून निघाली तशीच गाडी आहे असं त्यानं लिहून दिलं की ती प्रदर्शनात जाणार.

"गाडीशेजारी अण्णांचा फोटो लावायचाय," ते म्हणाले. "जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनीच सांभाळली. आणि त्यांची ती दुरुस्तीची वही असेल ना तुझ्याकडे? तीही काचेखाली ठेवू."

मी बघते म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यांनाच बघते म्हणत होते. रजा संपून कॉलेजच्या ग्रंथालयात परत रुजू झाले होते, पुस्तकांवर शिक्के मारत होते, घरी येऊन चहा करत होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. त्यानंतर कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या आमच्या घरात मी आणि आई दोघीच उरलो. अण्णांच्या कपाटाला हात लावायचं आम्ही दोघीही टाळत होतो.

वहीसाठी ते उघडावं लागलं. वही वरच होती, कापडी पुठ्ठ्याची, तेलकट बोटांनी काळपटलेली. तिच्याखाली एक खोका होता. खोक्यावर जर्मन अक्षरं आणि तो तीन टोकांचा तारा. आत मेणकागदात गुंडाळलेला गाडीचा एक भाग होता, कोरा, कधीही न वापरलेला. त्याच्या अंगावरही तारा आणि त्याखाली आकडे ओतलेले होते. मला गाड्यांतलं फारसं कळत नाही. पण वाचता येतं. मी वही उघडली.

"११ एप्रिल १९९४. वॉटर पंप गळतो. मुंबईला ऑर्डर दिली. आबासाहेब म्हणाले, माझ्या गाडीत लोकल काही घालायचे नाही.

२ मे. पार्ट नाही. १४ ला ताईसाहेबांचे लग्न, वरात याच गाडीतून.

९ मे. उद्यमनगरात पंप ओतून घेतला. लेथवर मीच काढला. बसवला. गळत नाही. जर्मनीहून आला असे सांगितले.

२६ ऑगस्ट. खरा पार्ट आला. दिवाळीआधी बदलायचा."

आबासाहेब म्हणजे विजयसिंहांचे वडील, उदयसिंह. ताईसाहेब म्हणजे त्यांची मुलगी राजनंदिनी. उद्यमनगर म्हणजे गावातली ओतकामाची आणि लेथची वसाहत. पार्टचे पैसे आधीच भरलेले होते आणि पार्सल अण्णांच्याच नावावर यायचं, त्यामुळे दुसरा पंप आल्याचं कुणाला कळलं नसणार. पुढची सात वर्षं दर दिवाळीला वहीत एकच ओळ होती, पंप बदलायचा. दोन हजार एकनंतर तीही नव्हती.

मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. रविवारी तज्ज्ञ बॉनेट उघडणार. जिथे तारा आणि आकडे हवेत तिथे त्याला सपाट धातू दिसणार. मग काय म्हणतील? मेकॅनिकनं खरा पार्ट बाहेर विकला आणि नकली बसवला. असंच म्हणतात. मीही तेच म्हटलं असतं. अण्णांनी काही विकलं नव्हतं, हे दाखवायला जगात हा एकच खोका होता. पण खोका दाखवायचा तर ते मालकाशी खोटं बोलले होते हेही सांगावं लागणार होतं. गप्प बसले तर माझे वडील चोर ठरणार होते आणि बोलले तर खोटारडे. त्यातून काय निवडायचं एवढंच माझ्या हातात होतं.

आई दारात येऊन उभी राहिली. "त्यो खोका व्हय? वर्सावर्साला पुसून ठेवत हुते की मी."

"तुला माहीत होतं?"

"पंप हाय म्हाईत हुतं. 'द्या की एकदाचा बसवून,' म्हटलं, तर म्हणायचं, 'चाललंय तवर चालू दे.' तुझा बाप इंजिनाशी कवा खोटं बोलला न्हाय. माणसांचं मला सांगू नकोस."

प्रसेनजीतला, माझ्या धाकट्या भावाला, बेंगळुरूला फोन केला. तो ऐकून घेतल्यावर म्हणाला, "ताई, तू नको त्यात पडू. कदाचित बघणारही नाहीत ते पंप."

"बघायलाच येतायत ते."

"मग बघू देत. अण्णा आता नाहीत." मग त्यानं कुणाला तरी काहीतरी सांगायचं निमित्त करून फोन ठेवला.

अण्णांना त्या कंपनीचं वेड लागलं ते कसबा बावड्यातच. लहानपणी साखर कारखान्यावर उसाचे जे ट्रक यायचे त्यांच्या तोंडावर तो तारा असायचा. टाटांनी जर्मनांबरोबर मिळून काढलेले ट्रक होते ते. अण्णांना कितीतरी वर्षं वाटत होतं की ही ट्रकची कंपनी आहे. मुंबईच्या एका वकिलातीनं विकायला काढलेली पांढरी डिझेल मर्सिडीज उदयसिंहांनी आणली, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "ट्रकवाल्यांनी गाडी बी काढली व्हय." ही गोष्ट उदयसिंह पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगायचे.

मी नोकरीला लागल्यावर ग्रंथालयातून कंपनीच्या इतिहासाचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं. रविवारी दुपारी मी वाचून मराठीत सांगायची आणि अण्णा काहीतरी घासत, पुसत ऐकायचे. मर्सिडीज हे कंपनीच्या एका विक्रेत्याच्या मुलीचं नाव, हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "पोरीचं नाव गाडीला दिलं. पोरीला गाडी दिली का पर?" बेंझची बायको बेर्था हिच्यावर मात्र ते खूश होते. अठराशे अठ्ठ्याऐंशीत ती नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन शंभर किलोमीटरवरच्या माहेरी गेली, तेही जगातल्या पहिल्या मोटारीतून. तेलाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या टाचणीनं मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या गावात एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं.

"बघ," अण्णा हातातलं काम थांबवून म्हणाले होते. "चांभारानं चामडं ठोकलं. तवा कुणी इचारलं का, ओरिजिनल हाय का म्हणून? त्याच कंपनीचं नाव बघ आता कुठल्या कुठं."

मी तेव्हा हसले होते. ते मला काहीतरी सांगत होते हे आता कळत होतं, आणि आता कळून उपयोग नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांचं प्रकरणही मी वाचलं होतं. पकडून आणलेली माणसं, छळछावण्यांतले कैदी, शेवटी शेवटी कारखान्यांतले जवळपास निम्मे कामगार तेच. कंपनीनं स्वतःच पुढे ते मान्य केलं. अण्णांनी हातातलं फडकं ठेवलं. उठून हात धुतले आणि बाहेर गेले. दोन रविवार त्यांनी पुस्तकाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "पुढचं वाच."

शनिवारी चार वाजता मी वही आणि खोका पिशवीत घालून विजयसिंहांकडे गेले. रिक्षात पिशवी मांडीवर जड लागत होती. गाडी पोर्चमध्ये धुऊन उभी होती. विजयसिंह फडक्यानं तिच्या जाळीवर हात फिरवत होते आणि आबासाहेब उदयसिंह वेताच्या खुर्चीत बसून त्यांच्या चुका काढत होते. वय शहाऐंशी. उजव्या कानाला ऐकू येत नाही, पण डोळे शाबूत.

"ये, ये. अण्णाची पोर," ते म्हणाले. "बस. ह्याला सांग, ओल्या फडक्यानं क्रोम पुसत न्हाईत. अण्णा असता तर हाताव चापटी मारली असती."

"मारलीय त्यांनी," विजयसिंह म्हणाले. "तीनदा."

मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता आणि मग बोलता आलं नसतं. मी खोका टेबलावर ठेवला आणि वही त्या पानावर उघडून विजयसिंहांच्या हातात दिली. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग गाडीकडे पाहिलं.

"काय लिहिलंय?" आबासाहेबांनी विचारलं.

"काही नाही आबा, जुना हिशोब…"

"मोठ्यानं वाच."

विजयसिंह माझ्याकडे पाहू लागले. मग मीच वही घेतली, आबासाहेबांच्या डाव्या कानाशी वाकले आणि वाचलं. तारखांसकट. "जर्मनीहून आला असे सांगितले" हे वाक्य मला दोनदा वाचावं लागलं.

शेजारच्या बंगल्यात कुणीतरी पाण्याची मोटर सुरू केली.

"म्हंजे एकतीस वर्षं," आबासाहेब सावकाश म्हणाले, "मी सगळ्या कोल्हापूरला बॉनेट उघडून दाखवतोय. हा बघा जर्मन पंप. नंदूच्या लग्नात बसवला, अजून एक थेंब गळत न्हाय. ह्याला म्हणतात कंपनी. क्लबात सांगितलं, व्याह्यांना सांगितलं. आणि अण्णा शेजारी फडकं घिऊन उभा असायचा. कधी एक अक्षर बोलला न्हाय."

"नाही बोलले," मी म्हणाले.

"खोटं बोलला माझ्याशी."

"होय. बोलले."

रिक्षात मी बरीच वाक्यं जुळवली होती, चांगली, समजूतदार वाक्यं. त्यातलं एकही तिथे उभं राहिलं नसतं.

विजयसिंहांनी घसा साफ केला. "आबा, मला वाटतं एवढं मनावर घेण्यासारखं नाही. खरा पंप हा समोर आहे, कोरा. उद्या सकाळी मेकॅनिक बोलावतो, दोन तासांत बसवून होईल. तज्ज्ञ अकराला येणार. कुणाला कळायचंही कारण नाही. अण्णांचाही मान राहील."

"तू गप रे." आबासाहेबांनी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. विजयसिंह पुढे झाले तर त्यांना झिडकारलं. मला मात्र त्यांनी हात धरू दिला. "बॉनेट उघड."

ते इंजिनवर वाकले. विजयसिंहांनी मोबाइलचा दिवा धरला. म्हाताऱ्यानं हात आत घातला आणि पंपाच्या पुढच्या अंगावरून बोट फिरवलं. तिथे काहीच नव्हतं. तारा नाही, आकडा नाही, कुणाची खूणही नाही. नुसता गुळगुळीत धातू, कडा घासून मऊ केलेल्या.

"तारा ओतता आला असता त्याला," आबासाहेब म्हणाले. "साच्यात दाबायचा नुसता. मला काय कळणार हुतं?"

"त्यांनी नसता ओतला."

"ते बघतोयच की." त्यांनी हात बाहेर काढला आणि बोटाचं काळं कोटाला पुसलं. विजयसिंहांनी डोळे मिटून घेतले. "चोर नव्हता. खोटारडा हुता. फोटो लावू नकोस विजय."

"आबा…"

"फोटो न्हाय लावायचा म्हटलं. माझ्या तोंडावर एकतीस वर्षं उभा राहिला त्यो. मी मरेपर्यंत तरी न्हाय."

"ठीक आहे," मी म्हणाले. मला खरंच ठीक वाटत होतं का, सांगता येणार नाही. इतकी दमले होते की कुणीतरी काहीतरी ठरवलं याचंच बरं वाटलं. "खोका ठेवून जाते. मेकॅनिकला सांगा, जुना पंप काढला की फेकू नका. मी घेऊन जाईन."

"कोण काढणाराय त्यो पंप?" आबासाहेब खेकसले. "वराती काढल्या त्या पंपाव. हिला दवाखान्यात नेली, विजयच्या आईला, त्या पंपाव. आता पुण्याच्या कुणा साहेबासाठी काढू व्हय? बंद कर ते बॉनेट. हळू. आपटू नकोस."

मग ते खुर्चीत बसले आणि डोळे मिटून घेतले, म्हणजे आम्ही जावं. फाटकापर्यंत विजयसिंह माझ्याबरोबर आले. "माफ कर मनाली. वय झालंय त्यांचं," ते म्हणाले. "तपासणीतले मार्क जाणार आता. दाखलाही मिळतो की नाही." मी मान हलवली. पिशवीत फक्त वही उरली होती.

रविवारी मी ग्रंथालयातून आणलेलं काहीतरी वाचत पडले होते, म्हणजे एकच पान धरून. दोनच्या सुमारास फोन आला. आई पीठ मळत होती, तिनं तसाच हात वर धरून ऐकायला मान वळवली.

"दाखला मिळाला," विजयसिंह म्हणाले. "पाच मार्क कापले. पंपाचे. तज्ज्ञांना सापडायच्या आधीच आबांनी सांगितलं. ते विचारत होते, कुणी बनवला, कुठल्या कारखान्यात. त्यांना पटेना की हे लेथवर एकट्या माणसानं काढलंय. आबांनी नाव सांगितलं. अण्णासो कुरणे, उद्यमनगर. फॉर्मवर लिहून घ्यायला लावलं. त्यांनी कुरणेचा 'ण' 'न' लिहिला तर परत दुरुस्त करायला लावला."

"आणि फोटो?"

"फोटोचं नाव काढू देत नाहीत."

"बरं," मी म्हणाले.

फोन ठेवला. आईनं विचारलं, "काय म्हणत हुतं?"

"पंपामुळं पाच मार्क कापले."

"कितीतलं?"

"शंभरातले."

आईनं कणकेवर पाण्याचा हात फिरवला आणि थोडा वेळ मळत राहिली.

"पास हाय की मग," ती म्हणाली.