बेरिंगच्या पाठीमागचा कागद

अकोल्यात जुन्या गाड्यांचा शौक असणारा कोणीही सांगेल, गोपाल मिस्त्री सणकी माणूस आहे. इंजिन बांधताना मी प्रत्येक बेरिंग तीनदा मोजतो. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायला लागलं तर चौथ्यांदा मोजतो. लोक म्हणतात, काम पक्कं आहे. पक्कं कसलं डोंबल! मला भीती वाटते म्हणून मोजतो. इंजिन तयार होऊन पहिल्यांदा सुरू केलं की रिकाम्या मागच्या सीटवरून एका बाईचा आवाज येतो, "आता मधेच बंद तर नाही ना पडणार?" एकोणतीस वर्षं येतोय. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

ती बाई म्हणजे सिंधूताई, अमरावतीच्या राजापेठेतल्या कमलाकांत वकिलांची बायको. शहाण्णव सालच्या एप्रिलात वकिलांची फियाट आमच्याकडे इंजिनकामाला आली. अमरावतीत मिस्त्री नव्हते असं नाही, पण फियाट म्हटली की तेव्हा सगळे अकोल्याला महादेवराव वस्तादांकडेच यायचे. मी तिशीचा होतो, वस्तादांचा उजवा हात म्हणवून घ्यायचो आणि बऱ्यापैकी शेफारलो होतो.

आता थोडं मापाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इंजिनातला प्रत्येक दांडा खालच्या शाफ्टला एका कड्यानं धरून असतो. कड्याचा खालचा अर्धा भाग सुटा निघतो, त्याला आम्ही झाकण म्हणतो. आत बेरिंगच्या दोन पातळ, अर्धगोल वाट्या बसतात. वाटी आणि शाफ्ट यांच्यात जागा लागते दोन थाऊ, म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दोन. सिगारेटचा कागद एक थाऊचा असतो, यावरून समजा. तेवढ्या जागेत तेल राहतं आणि तेलावर इंजिन जगतं. जागा जास्त झाली तर इंजिन ठोकतं, कमी झाली तर जळतं.

वकिलांच्या गाडीच्या दोन नंबरच्या दांड्याच्या वाट्या झिजल्या होत्या. नव्या आणायला वस्ताद नागपूरला गेले आणि दोन दिवस तिकडेच अडकले. इकडे वकिलांचे रोज निरोप यायला लागले. मी झिजलेल्याच वाट्या घेतल्या, पाठीमागे सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाची पट्टी घातली आणि झाकण आवळलं. आवाज गेला. असले धंदे रस्त्यावरचे मिस्त्री करतात, वस्तादांच्या गॅरेजात ते पाप होतं. वस्ताद नव्या वाट्या घेऊन परत आले तेव्हा मी त्यांच्या तोंडावर सांगितलं की जुन्याच मापात निघाल्या, बसवून टाकल्या. त्यांनी नव्या वाट्यांचा डबा फळीवर ठेवला आणि मला म्हणाले, घरी जा, दोन दिवस झोपला नाहीस. माझं खोटं पचलं असं वाटून मी खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील सहकुटुंब गाडी न्यायला आले. तिथूनच हिवरखेडला, सिंधूताईंच्या माहेरी जायचं होतं. मागच्या सीटवरून सिंधूताईंनी मला तो प्रश्न विचारला. मी खिडकीत डोकं घालून म्हणालो, "बिनधास्त जा, वयनी."

चौथ्या दिवशी हिवरखेडला सिंधूताईंच्या छातीत दुखायला लागलं. भर दुपारी त्यांना घेऊन गाडी अकोल्याकडे निघाली आणि अकोट मागे टाकल्यावर इंजिन जाम झालं. मे लागला होता. पाऊण तास कोणी थांबलं नाही, मग एक ट्रक थांबला. अकोल्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पंधरा दिवसांनी वकील गॅरेजात आले. ओरडले नाहीत. चार लोकांसमोर एवढंच विचारलं की बेरिंग शेवटी कोणी तपासले होते. मी खाली वाकून सांडलेले नट गोळा करायला लागलो. वस्ताद म्हणाले, "म्या." त्या दिवशी त्यांनी हात धुतले ते धुतले, पुन्हा पाना हातात घेतला नाही. बाजारात लोक त्यांच्याबद्दल काय काय बोलले ते मी ऐकलं आणि गप्प बसलो. आठ वर्षांनी ते गेले. मला वाटायचं, त्यांनी माझा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला. ते गेल्यावरही दुपारी दोनच्या सुमारास गॅरेजात गाडीखाली काम करायचा जो खड्डा आहे त्यातून त्यांचा खोकला ऐकू यायचा, आणि मी काम टाकून बाहेर जाऊन उभा राहायचो.

वस्तादांच्या पत्नी दुर्गाबाई गॅरेजामागच्या दोन खोल्यांत राहतात. मूलबाळ नाही. त्यांचं राशन, दवाखाना, डोळ्याचं ऑपरेशन, दिवाळीचं लुगडं, सगळं मी बघतो. दुपारचं जेवण त्यांच्याच हातचं जेवतो. त्या वाढतात आणि मी खाली मान घालून खातो. कितीदा ठरवलं की आज सांगायचं. भाकरीचा शेवटचा तुकडा संपायचा आणि मी हात धुवायला उठायचो.

यंदा एप्रिलात ती फियाट परत आली. ट्रकवर, इंजिन तसंच जाम. सोबत वकिलांची मुलगी चारुता. आई गेली तेव्हा नऊ वर्षांची होती, आता स्वतःच वकिली करते. वडील जानेवारीत वारले. त्यांनी गाडी कधी दुरुस्त केली नाही आणि कधी विकलीही नाही, राजापेठेतल्या शेडमध्ये झाकून ठेवली. घराचं काय करायचं ते ठरवण्याआधी तिला गाडीचा निकाल लावायचा होता. मी दुसऱ्या गॅरेजचं नाव सुचवून बघितलं. तिनं ऐकलं नाही.

"काका, त्या दिवशी आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं," ती म्हणाली. "मला भांडायचं नाहीये. कशामुळे झालं आणि कोणाच्या हातून झालं, एवढंच कळू द्या. माझ्यासमोर उघडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. ती स्टुलावर बसली होती, एकदाही फोनकडे न बघता. मी ठरवलं होतं, कागद निघाला की तिला दाखवायचा, आपलं नाव सांगायचं आणि मग मागे जाऊन दुर्गाबाईंच्या पायावर डोकं ठेवायचं. वस्तादांचं नाव एकदा धुऊन निघू दे, माझं काय व्हायचं ते होवो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला हलकं वाटत होतं.

तीन नंबरची वाटी वितळून शाफ्टला चिकटली होती. जाम झालं होतं ते तिथं. माझा कागद दोन नंबरला होता. मी मनाशी म्हणालो, कागदाचे तुकडे तेलातून तीन नंबरला गेले असतील. दोन नंबरचं झाकण काढलं. नट दोनदा हातातून सुटून खाली पडला. नखानं वाटी उचलली.

पाठीमागे कागद नव्हता. वाटी माझी नव्हती. ती नवी होती, नागपूरहून आलेली.

मी कितीतरी वेळ ती वाटी हातात घेऊन बसलो. चारुतानं काय झालं विचारलं, मी मोजतोय म्हणालो. आणि खरंच मोजायला लागलो, मला दुसरं येतंय काय! वाट्या परत बसवल्या, झाकण आवळलं, आतून माप घेतलं. उभी जागा बरोबर दोन थाऊ. आडवी जागा अर्धा थाऊसुद्धा नाही. परत मोजलं. तेच. कडं गोल नव्हतंच, बाजूनं चिमटलं होतं. दांडा आणि त्याचं झाकण कारखान्यात जोडीनं कापलेलं असतं, दुसऱ्याचं झाकण लावलं तरच असं होतं.

आमच्या गॅरेजात जोडी चुकू नये म्हणून दांड्यावर आणि झाकणावर टिंबं ठोकायची पद्धत होती. एक नंबरला एक, दोनला दोन. मी झाकण रॉकेलनं पुसलं. दोन नंबरच्या दांड्यावर तीन टिंबांचं झाकण होतं. तीन नंबरच्या दांड्यावर दोन टिंबांचं. माझ्या हातून हजार पापं झाली असतील, पण टिंबं मी बोटांनी चाचपूनसुद्धा जुळवायचो. माझ्यानंतर हे इंजिन ज्यानं उघडलं, कागद काढला, नव्या वाट्या बसवल्या आणि खात्रीसाठी शेजारचा तीन नंबरही उघडला, त्यानं परत लावताना झाकणांची अदलाबदल केली होती. वस्तादांच्या डोळ्यांत त्या वर्षी मोतीबिंदू उतरत होता. ऑपरेशन पावसाळ्यानंतर ठरलं होतं.

म्हणजे ते "म्या" म्हणाले ते खरं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही, त्याची लाज वाटते. मग कळलं की मी कागद घातला नसता तर ते खड्ड्यात उतरलेच नसते.

चारुताला मी झाकणं दाखवली, चूक समजावून सांगितली. तिनं टिंबं बोटांनी मोजली. मग विचारलं, "कोणी लावली?" मी म्हणालो, पाच मिनिटं द्या, आणि मागे गेलो.

दुर्गाबाई तुरीची डाळ निवडत होत्या. मी उंबऱ्यातच बसलो. इंजिन कोणाचं आलंय हे त्यांना ठाऊक होतं.

"काकू, त्या गाडीत म्या कागद घातला होता. वस्तादले खोटं सांगतलं होतं."

त्यांनी सुपावरून नजर उचलली नाही. "मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "तू घरी गेला, त्याच संध्याकाळी त्यायनं काढला. कागद घिऊन घरात आले, चुलीत टाकला. म्हणे, गोपालले बोलजो नको, भ्याला असन. अन् जेवाले न बसता पुन्ना खड्ड्यात उतरले. दिसत त नव्हतं काही."

"मंग इतके वर्सं मले सांगतलं काहून नाई?"

"तू कधी इचारलं?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "मले वाटे, तुले सारं ठाऊक हाये. वस्तादची चूक झाकासाठी गप रायते."

 त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना काय कळत चाललंय ते मला दिसत होतं, आणि थांबवता येत नव्हतं.

"म्हंजे तुले वाटत होतं, तुह्याच हातानं झालं," त्या हळूच म्हणाल्या. "अन् माह्या डोयाचं आपरेशन, राशन, दवाखान्यात रातभर बसनं... हे सारं त्याच्यापायी होतं? मी त लेक समजत होती तुले."

"नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण सुरुवातीची वर्षं मी भीतीपोटीच यायचो हे खरं होतं, आणि भीती कुठं संपली, माया कुठं सुरू झाली, हे मी कधी मोजलं नव्हतं. मी शब्द जुळवत राहिलो.

त्यांनी तेवढा वेळ वाट पाहिली. मग पदर सारखा केला, भिंतीला धरून उठल्या, माझ्या बाजूनं उंबरा ओलांडला आणि गॅरेजात गेल्या. चारुता स्टुलावरून उठल्याचा आवाज आला, मग तिचा तोच प्रश्न, कोणी लावली. दुर्गाबाईंनी तिला आपल्या नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं.