चालू बाईची कॅसेट

आमच्याकडं मोटर चालू असली की बरं वाटतं. एस.टी. चालू, धंदा चालू, टीव्ही चालू, सगळं चांगलं. बाईला चालू म्हटलं की मात्र शिवी. पंखा चालू पाहिजे आणि बाई बंद पाहिजे. हा न्याय मला कधी पटला नाही.

म्हणून मी माझ्या कॅसेटचं नावच ‘चालू-बंद’ ठेवलं. दर महिन्याला एक कॅसेट. गाणी नाहीत, कीर्तन नाही. नुसती यंत्रं. रेडिओ का खरखरतो, बोअरची मोटर का जळते, टीव्हीच्या अँटेनाचं तोंड कुठं करायचं, हे सगळं त्यात. बोलणारी मी. माया कांबळे, सांगली. स्टँडच्या मागं माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा नववीत सुटली. काम शिकले पोस्टानं येणाऱ्या कोर्सवर. कोर्स इंग्रजीत होता आणि मी डिक्शनरीत. कुणी मला ‘तुमचं शिक्षण काय?’ विचारलं की मी विचारते, ‘तुमचा रेडिओ आणलाय का?’

शहाण्णव साल संपत आलं तेव्हा माझी कॅसेट सलूनमध्ये, रसवंतीत आणि जतच्या पाण्याच्या टँकरमध्ये वाजत होती. एस.टी.च्या कंडक्टरांनी ती पार शिरवळपर्यंत पोचवली होती. मला कुठल्या स्टेशनची परवानगी लागत नव्हती. टेप माझा, माइक माझा, तोंड तर माझंच.

माझं नव्हतं ते एकच, कॅसेटच्या नकला काढायचं मोठं मशीन. ते कराडात उदयसिंह पाटलाच्या दुकानात. उदयसिंह ऊसवाल्या घरचा, फौजेत सिग्नलला, वायरलेसवर होता, परत येऊन त्यानं कॅसेटचं दुकान टाकलं. माणूस हौशी. पहिल्या दिवसापासून माझी कॅसेट त्याच्याच मशीनवर निघायची आणि त्याच्याच गिऱ्हाइकांतून फिरायची. म्हणून डिसेंबरात पुढल्या वर्षाचं ठरवायला मी कराडला गेले. त्यानं चहा सांगितला आणि माझ्यापुढं एक कव्हर ठेवलं. निळा पृथ्वीचा गोळा, भोवती किरणं, वर ‘विज्ञानगंगा’.

“हे काय?”

“पुढल्या सालचं, ताई. एकदम ए-वन!”

“माझं नाव कुठाय?”

“आत लिहू की बारीक अक्षरात. लेखन : माया. बोलायला पुण्याचा माणूस बघितलाय. काय आवाज हाय त्याचा! नुसतं ‘नमस्कार’ म्हणला तरी गडगडतंय.”

“नुसतं माया? आडनाव काय उसात पडलं का?”

उदयसिंहानं मान वळवून भजनाच्या कॅसेटी नीट लावायला घेतल्या. त्या आधीच नीट होत्या. “ताई, मी मानत न्हाई हां. फौजेत सगळ्यांसंगं एका ताटात खाल्लंय. पण गिऱ्हाईक असतंय. काही लोकं नाव वाचून खाली ठेवत्यात.”

‘मी मानत नाही, पण’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्याची कॅसेट काढली तर भजनाच्या वर खपेल. आणि बोलणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपणच पहिल्यांदा बोलतोय.

“आन ते चालू नाव,” तो पुढं म्हणाला. “बाईच्या आवाजात चालू म्हणजे... लोकं हसत्यात वो.”

“हसू द्या की. हसत हसत फ्यूज बसवतात.”

“तुमी इचार करा. नव्या सालाच्या आत सांगा. न्हाईतर मशीन वर्षभर भजनवाल्यांना देतो. माझा बी नाइलाज हाय.”

चहा अर्धा टाकून उठले. कराडहून सांगलीपर्यंत खिडकीशी बसून मी त्याला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण मामला साधा होता. त्याच्या मशीनशिवाय मी दुकानातल्या डबल टेपवर एकेक नक्कल काढत बसणार, आणि ‘चालू-बंद’ सांगलीच्या बाजारापलीकडं जाणार नाही. त्याच्या मशीनसह गेले, तर सगळीकडं माझं डोकं पोचणार, माझा आवाज नाही आणि माझं नावही नाही. दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालणं आणि आपण बारीक अक्षरात राहणं, हे आमच्या लोकांनी पुष्कळ केलं. मला करायचं नव्हतं.

घरी मिलिंद भाजी निवडत बसला होता. मिलिंद माझा नवरा, मिरजेच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. आतलं बघायची सवय असल्यामुळं माझं तोंड बघूनच त्याला समजलं.

“कुणाला मारून आलीस?”

सांगितलं सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातल्या पोत्याकडं बोट केलं. “ते आलंय बघ. कंडक्टरनं टाकलं सकाळी. आधी ते ऐकू, मग भांड कुणाशी भांडायचंय ते.”

पोत्यात कॅसेटी होत्या. नोव्हेंबरच्या भागात दुसऱ्या बाजूला शेवटी मी फीत मोकळी सोडली होती. लोकांना सांगितलं होतं, नव्या सालात काय ऐकायचं ते या मोकळ्या जागेत तुम्हीच बोला आणि कॅसेट कंडक्टरकडं द्या. कॅसेटच्या डोक्यावरची खाच कागदानं बुजवा म्हणजे तिच्यावर आवाज भरता येतो, प्ले आणि रेकॉर्डचं लाल बटण एकदम दाबा, बोला. सगळं सविस्तर सांगितलं होतं.

पहिली कॅसेट मिरजेच्या एका तंबोरे बनवणाऱ्याची. “ताई, ऐका जरा.” तंबोरा वाजला. मग नुसतीच गुणगुण. “ही आमची ट्यूबलाइट. दोघं एका सुरात लागत न्हाईत. मी तंबोरा कारखान्यात जुळवतो आन ही बया वरनं भलताच सूर धरती. ट्यूब सुरात आणता यील का?”

मिलिंद हसून भाजीवर आडवा झाला. मी कागदावर लिहिलं : जानेवारी, ट्यूबचा चोक का गुणगुणतो.

कॅसेट पुढं चालूच. तंबोरेवाला निघून गेला, मागं रंधा मारल्याचा आवाज, कुणी तरी शिंकलं, कुणी पान मागितलं. शेवटपर्यंत.

दुसरी जतहून, सिद्धू नावाच्या मेंढपाळाची. “माझा रेडिओ नुसता कन्नड बोलतोय. मला समजतंय, पर बायकोला मराठी गाणी पायजेत. ती म्हंती, रेडिओ तुझ्या आईच्या माहेरचा हाय.” मग मेंढरं. नुसती मेंढरं, फीत संपेपर्यंत, आणि मधूनच सिद्धूच्या बायकोचा आवाज : “बंद कर की रं त्ये!” “कसं करायचं त्येच तिनं सांगितलं न्हाई की!”

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. “कार्यक्रमाचं नाव चालू-बंद. आणि बंद कसं करायचं ते सांगायला विसरलीस?”

विसरले होते. प्ले दाबा, लाल दाबा, बोला. स्टॉपचा पत्ताच नाही. आणि माझी माणसं इतकी सरळ, की बाईनं सांगितलं नाही म्हणजे ते बटण दाबायचं नसणार, असं धरून चालली. प्रत्येक कॅसेटीत आधी प्रश्न आणि मग फीत संपेपर्यंत घर. भांडी, खोकला, कोंबडी, उधारीवरनं शिव्या. मी कपाळाला हात लावला आणि हसत सुटले. दुपारपासनं पहिल्यांदा.

शिरवळच्या कारखान्यातला सयाजी विचारत होता, “आमच्यात कॉम्प्युटर आलाय. त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागतंय, एसी बी त्यालाच. आमाला साधा पंखा न्हाई. ताई, ह्यो देव हाय का यंत्र?” मी पेन इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला : फेब्रुवारी, कॉम्प्युटर, चपला घालून.

वर्ष भरत चाललं होतं. लोकांना मी काय ऐकवायचं ते मी ठरवायला बसले होते, आणि लोक मलाच त्यांची यंत्रं ऐकवत होते. आवाज ऐका आणि रोग सांगा. यापेक्षा भारी कार्यक्रम मला स्वतःला सुचला नसता. मी मिलिंदला तसं म्हटलं. तो म्हणाला, “आधी पुण्याच्या माणसाला विचार. त्याला मेंढरं झेपतील का?”

तेवढ्यात पुढची कॅसेट लागली. म्हाताऱ्या बाईचा ठणठणीत आवाज.

“हॅलो. हॅलो. चालू बाई, मी रंगूबाई पाटील बोलतीया, कराडच्या मळ्यावरनं. ह्यो आमचा मिक्सर. दिवाळीपासनं असा वरडतोय.” खर्रर्र, टक-टक, टक-टक. “चटणी नीट व्हईना. ल्योक म्हंतो नवीन घेऊ. मी म्हनलं, आधी चालू बाईला इचारती. बरं, ऱ्हाती आता.”

ती गेली. फीत चालू. ताटाचा आवाज. मग बाप्याचा. मिलिंदचा हात भाजीतच थांबला. मी आवाज वाढवला. उदयसिंह होता.

“आई, परत त्या बाईची टेप? लय चालू बाई हाय ती.”

“चालू हाय म्हनून तर ऐकती. बंद पडल्याली मानसं घरात काय कमी हायत व्हय?”

“पुढल्या सालापासनं गडीमाणूस बोलणार हाय. नाव बी बदलतोय.”

“का रं, उदया?”

“कांबळे वाचून लोकं घेत न्हाईत.”

“कोन लोकं?”

ताट सरकवल्याचा आवाज.

“नाव सांग की एकाचं. तू इकतूस, मी ऐकती, शेजारची धोंडुबाई ऐकती, सलूनवाला ऐकतोय. आनि कोन ऱ्हायलं?”

“आई, वाड.”

“वाडती. भाकरी करायला बाई चालती, बोलायला तेवडा गडीमाणूस पायजे. गीळ.”

मग नुसतं जेवण. चावल्याचा आवाज, पाणी प्यायल्याचा आवाज. फीत संपली. टक.

मी ती पुन्हा लावली. मग परत एकदा. तिसऱ्यांदा मिलिंद म्हणाला, “बास. जेवतायत ते आणि भूक मला लागतीय.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं कराड. दुकानात गर्दी होती. एक सुट्टीवर आलेला जवान, दोन कॉलेजच्या पोरी, भजनवाले बुवा. उदयसिंह खूश झाला. “या ताई! ठरलं का?”

“ठरायला आलेय. एका गिऱ्हाइकाचा प्रश्न आलाय. पुण्याच्या माणसाला उत्तर देता येईल का, तेवढं बघू.”

त्यानंच कॅसेट घातली, त्याच्याच मोठ्या स्पीकरवर. आईचा ‘हॅलो’ ऐकला आणि त्याचा चेहरा उजळला. “आयला! आई!” मिक्सर ओरडला, पोरी हसल्या. मग ताट वाजलं आणि त्याला काहीतरी आठवलं. त्यानं बटणाकडं हात नेला. जवानानं तो मधेच धरला. “ऱ्हाऊ दे रं गड्या. मजा येतीय.”

सगळं वाजलं. ‘कोन लोकं?’ आलं आणि पोरींचं हसणं थांबलं. बुवासुद्धा आपल्या टाळांकडं बघत बसले. आणि ‘गीळ’ आल्यावर सगळं दुकान हसत सुटलं. उदयसिंहाचे कान लाल. मला वाटलं आता हा भडकणार. मीही तयारीत होते, घरून पोट भरून निघाले होते.

तो म्हणाला, “मिक्सरला काय झालंय?”

“भांड्याखाली चांदणीसारखा रबरी तुकडा असतो, कपलर. तो झिजलाय. बदलला की झालं. नवा मिक्सर नको.”

“मी मोटर गेली म्हणत हुतो.”

“तुम्ही सिग्नलला होता. सिग्नल ओळखायला पाहिजे होता.”

जवान पुन्हा हसला. उदयसिंहानं निळा गोळा काउंटरवरनं उचलला, बघितला आणि उलटा ठेवला. “ताई, ते लोकं लोकं म्हणत हुतो ना... एकजण म्हणला हुता. एकच. त्यो बी कॅसेट घिऊन गेला.” मग त्यानं फोन उचलला. “आई. ती चालू बाई आलीय. व्हय, कांबळेच. न्हाई, बदलत न्हाई. आगं न्हाई म्हणतोय ना!” फोन कानापासून लांब धरून तो मला म्हणाला, “जेवायला घेऊन ये म्हणती. येताना ती चांदणी घेऊन.”

चांदणी कराडच्या बाजारातच मिळाली. मळ्यावर रंगूबाई दारातच उभ्या होत्या, माझ्याहून बुटक्या, आवाज तेवढा माझ्या दुप्पट. “ये गं. मला वाटलं चांगली उंच असशील.” चहा आला. कप कुठला होता ते तुम्ही विचारणारच, म्हणून सांगते. घरातलाच, आणि त्यांच्या कपासारखाच कान तुटलेला. कपलर बसवला. मिक्सर गुळगुळीत फिरला. रंगूबाईंनी चटणीत बोट घालून चाखली आणि लेकाकडं असं बघितलं, की तो उठून विहिरीकडं गेला.

मी पिशवीतला टेप काढला. सत्त्याण्णव सालचा पहिला भाग तिथंच भरायचा ठरवला, मिक्सरशेजारी.

“काकी, कव्हरवर काय लिहायचं? उदयदादा विचारतायत. ‘चालू-बंद, माया कांबळे’ असं ठेवायचं ना?”

“त्यातलं बंद काडून टाक,” रंगूबाई म्हणाल्या. “त्याचा काय उपेग? कुनाला जमतंय बी न्हाई.”

मी प्ले आणि लाल बटण दाबलं. रंगूबाई माइकवर वाकल्या, पदर सारखा केला. “हॅलो. मी रंगूबाई पाटील. आन ही माया कांबळे. चालू बाई. आता ती बोलंल, तुमी ऐका.”

मी बोलले, पोट भरून बोलले. शेवटी लोकांना स्टॉपचं बटण सांगायला तोंड उघडलं, तर काकींनी माझा हात धरला.

“सांगू नगं गं. लोकांच्यात काय चाललंय त्ये आपल्याला कसं कळनार मग?”