विजयरावांच्या टेट्रांची कवायत

विजयराव चांदोरकरांच्या घरात मासेसुद्धा शिस्तीत पोहतात, असं ते स्वतःच सांगत सुटायचे. आणि काय हो, खोटं नव्हतं ते! मुलाने, गौरांगने, जवाहर चौकातून डझनभर निऑन टेट्रा आणले होते. बोटाच्या पेराएवढे जीव, अंगावर निळा पट्टा, शेपटीकडे लाल. आल्या दिवसापासून सगळे एकमेकांना चिकटून असायचे. एक वळला की सगळे वळले! विजयराव म्हणजे कारखान्यात जन्मभर माणसं सांभाळलेला गडी. ही कवायत बघून खूश. आल्यागेल्याचा हात धरून काचेच्या टाकीपुढे उभं करायचे. "बघा, एकजूट! आमचं घरही असंच."

उजेडाचं तर विचारूच नका. अंधुक म्हणून काही त्यांना चालायचं नाही. टाकीवर त्यांनी एक सोडून दोन ट्यूबा ठोकल्या, लख्ख.

गौरांग एकदा चाचरत म्हणाला, "बाबा, यांना मंद उजेड लागतो. हे जंगलातल्या काळपट पाण्यातले मासे. घाबरले की असा घट्ट घोळका करतात. निवांत असले की सैल फिरतात. रंग बघा ना किती उतरलाय."

"मासा कशाला घाबरतोय? वेळेवर खायला मिळतंय, पाणी स्वच्छ आहे. मला शिकवू नकोस!"

विषय संपला. त्या घरात विषय असेच संपायचे. बायको लीलावती स्वयंपाकघरातून हूं की चूं करायची नाही. सून सुरुची तिच्या शेजारी पोळ्या लाटत असायची. गौरांग पाणी प्यायला म्हणून आत जायचा, तो तिकडेच. विजयराव बाहेर एकटे खुर्चीत बसून म्हणायचे, काय गुण्यागोविंदाने राहतात तिघं!

आणि हाच त्यांचा सगळा तोरा होता बरं. अयोध्या नगरच्या बागेत रोज संध्याकाळी शंकरराव भेटायचे, ग्वाल्हेरचे. त्यांच्या दोन्ही मुलांनी वेगळी बिऱ्हाडं केलेली. विजयराव त्यावर मीठ चोळल्याशिवाय घरी जायचे नाहीत. "घर कसं असावं, शंकरराव? धाक हवा. मग सुख आपोआप येतं."

त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या मोबाइल वाजला. नागपूरच्या लेकीने, मंजूषाने, व्हिडिओ पाठवला होता. खाली लिहिलेलं, 'बाबा, वहिनीने काल मला पाठवला. काय सुंदर दिसतायत तुमचे मासे!'

"या, बघा आमची कवायत," म्हणत विजयरावांनी मोबाइल शंकररावांपुढे धरला. स्वतः आधी बघायचं सुचलं नाही. हौस ना!

टाकीवरच्या ट्यूबा बंद होत्या. खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता तेवढाच. आणि मासे टाकीभर पांगलेले! एक झाडाच्या पानाखाली, दोघं तळाशी, एक आपला एकटाच काचेजवळ रमतगमत. निळा पट्टा असा चमकत होता की विजयरावांनी तसा तो कधी बघितलाच नव्हता.

"अरे, ये तो सब बिखर गए," शंकरराव हसले. "तुमची परेड कुठे गेली हो?"

विजयराव काही बोलणार, एवढ्यात मोबाइलमधून हसू फुटलं. टाकीशेजारी त्यांची खुर्ची दिसत होती. तिच्यात लीलावती पाय वर घेऊन बसली होती आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. सुरुची मोबाइल कशाला तरी टेकवून जमिनीवर ऐसपैस पसरलेली. गौरांग हातवारे करकरून काहीतरी सांगत होता. गौरांग! दिवसातून चार शब्द बोलला तर नशीब, असा मुलगा!

तेवढ्यात व्हिडिओत फाटकाची कडी वाजली.

"बाबा आले!"

हसू तिथल्या तिथे तुटलं. लीलावती ताडकन उठली, खुर्चीवरची उशी नीट केली. गौरांगने बटण दाबलं, ट्यूबा लख्ख पेटल्या. तिघं एकामागोमाग आत, मोबाइल तसाच चालू. रिकाम्या खोलीत मासे दचकून कोपऱ्यात धावले आणि एकमेकांना चिकटले.

मग खणखणीत आवाज आला, त्यांचा स्वतःचा. "वा रे पठ्ठ्यांनो! याला म्हणतात शिस्त!"

विजयरावांच्या पायाखालची जमीनच सरकली. शंकररावांनी हळूच मोबाइल त्यांच्या मांडीवर पालथा ठेवला. सूड उगवायची केवढी संधी होती! पण तो भला माणूस एवढंच म्हणाला, "थंडी वाढली. चला, निघू या."

घरी आले तर फाटकाशी हात थबकला. आतून हसण्याचा आवाज येत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, लीलावतीचं हे हसू आपल्यासमोर शेवटचं कधी ऐकलं, ते काही केल्या आठवेना. तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण जाणार कुठे? कडी वाजलीच, आणि आत सगळं चिडीचूप झालं.

खोली रिकामी. ट्यूबा लख्ख. उशी नीट. मासे कोपऱ्यात.

विजयरावांनी ट्यूबा बंद केल्या. मासे हलले नाहीत. मग जमेल तेवढ्या हळू आवाजात त्यांनी हाक मारली, "अगं, जरा बाहेर येता का सगळे?" आवाज मोठाच निघाला, सवयीचा.

तिघं दारात येऊन उभी राहिली. सुरुचीने सासूचा दंड धरला होता.

"काय झालं?" लीलावतीने विचारलं. "आमचं काही चुकलं का?"

"नाही गं, नाही. काही नाही चुकलं." विजयराव आपल्या खुर्चीत बसले. "बसा ना इथे. माझ्याजवळ."

तिघंही लगेच बसली. समोरच्या दिवाणावर, एकमेकांना अगदी चिकटून, पुढचा हुकूम काय येतो याची वाट बघत.