इतिहासाची मुदत

पाळणाघर चालवणाऱ्या बाईला मुलांचे आईबाप मावशी म्हणायचे, मग मुलं म्हणायची, आणि होता होता सगळी गल्लीच तिला मावशी म्हणू लागली. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. त्याला लोक चष्मेवाले म्हणत, जरी त्याच्या स्वतःच्या नाकावर चष्मा कधीच नव्हता.

इतिहासात पदवी घ्यायची हे वेड मुळात चष्मेवाल्यांचं. तरुणपणी त्यांनी दूरशिक्षणाला नाव घातलं, पहिल्या वर्षाचे सगळे पेपर काढले आणि मग वडिलांचं आजारपण, बहिणीचं लग्न, मुलीचं शिक्षण असं एकेक पुढे येत गेलं. पुस्तकं माळ्यावर गेली. मुलगी सासरी गेल्यावर त्यांनी ती खाली काढली, पण एकट्याने बसवेना. "तूही नाव घाल, सोबत होईल," ते बायकोला म्हणाले. मावशी म्हणाली, "बरं." पाळणाघरातली मुलं दुपारी झोपली की ती धडे वाचायची. रात्रीची भांडी झाली की दोघं जेवणाच्याच टेबलावर आपापला दिवा लावून समोरासमोर बसून स्वाध्याय लिहायची. उत्तराला सुरुवात कशी करायची, सनावळी कशी लक्षात ठेवायची, हे तिला त्यांनीच शिकवलं. तिने पहिलं वर्ष काढलं, मग दुसरं दोघांनी मिळून काढलं.

आणि ऐन तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर संस्थेचं पत्र आलं. विद्यार्थी कमी पडत असल्यामुळे इतिहासाचा अभ्यासक्रम बंद होत होता. मिळवलेली क्रेडिट दुसऱ्या विद्यापीठात नेता येतील, असं खाली लिहिलं होतं.

गावातलं विद्यापीठ बसने वीस मिनिटांवर. दोघांनी एक दिवस सुट्टी काढली आणि कागद घेऊन गेली. खिडकीमागच्या कारकून बाईंनी दोघांच्या गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या, पेन्सिलीने खुणा केल्या आणि आधी मावशीकडे पाहिलं.

"तुमची सगळी क्रेडिट बसतात. तुम्हाला थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल. यांचं दुसरं वर्ष बसतंय, पहिलं नाही बसत."

"म्हणजे?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"सात वर्षांच्या आतली क्रेडिट आम्ही घेतो. तुमचं पहिलं वर्ष फार जुनं आहे. मुदत गेली त्याची."

"अहो बाई, इतिहासाला कसली आली मुदत? तो काय दूध आहे नासायला?"

मागे रांगेत कुणीतरी हसलं. कारकून बाई हसल्या नाहीत, पण चिडल्याही नाहीत. "घडलेलं बदलत नाही हो. अभ्यासक्रम बदलतो. तुम्ही पहिल्या वर्षाच्या चार पेपरांची फेरपरीक्षा द्या. पास झालात की पुढच्या वर्षी तुम्हालाही तिसऱ्या वर्षाला बसवू."

"एकदा पास झालोय मी," चष्मेवाले म्हणाले आणि आपली गुणपत्रिका उचलून चालू लागले.

बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले. मावशीने दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. तिलाही मनातून ओशाळल्यासारखं झालं होतं. लग्न त्याचं आणि मिरवायला आपण घोड्यावर, असं काहीतरी.

रात्री तिने सांगून टाकलं, "मी नाही जात. तुमची परीक्षा झाली की पुढच्या वर्षी दोघं बरोबर जाऊ."

"परीक्षा देणार कोण आहे? आणि तू माझ्यासाठी थांबू नकोस. उद्या जन्मभर ऐकवशील."

"मी कधी काय ऐकवलंय?"

"म्हणून तर भीती वाटते. सगळं साठवलेलं असणार."

चष्मेवाल्यांची थोरली बहीण वरच्या मजल्यावर एकटी राहायची. अक्कांच्या कानावर सगळं गेलंच. मावशीला वाटलं, नवऱ्याच्या आधी पदवी घ्यायला निघाली म्हणून आता अक्का फैलावर घेणार. अक्कांनी तिला समोर बसवून विचारलं, "एकच सांग. तुला जायचंय का?"

"मी आपली यांना सोबत म्हणून..."

"ते मी विचारलंच नाही."

दुपारी मुलं झोपली की आपण घड्याळाकडे बघत पुस्तकाची वाट कशी पाहतो, एखादं मूल लवकर उठलं की कसा जीव चरफडतो, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

"जायचंय," ती म्हणाली.

"मग जा. तो फुगलाय, फुगू दे. लहानपणापासून असाच आहे. हवा गेली की आपोआप बसतो."

मावशीने खाली येऊन नवऱ्याला तेच सांगितलं, अक्कांचं फुगण्याचं तेवढं गाळून. "तुम्ही म्हणता म्हणून नाही, मला स्वतःलाच जायचंय." चष्मेवाले म्हणाले, "हे आधी का नाही बोललीस?"

"आधी ठाऊक नव्हतं."

तास सकाळचे होते. पाळणाघरात तेवढा वेळ अक्का बसू लागल्या आणि मुलं अचानक शिस्तीत वागू लागली. विद्यापीठात पहिल्या दिवशी वर्गातल्या मुलांना मावशी म्हणजे प्राध्यापकच वाटली. ती आत आली तशी सगळी उठून उभी राहिली. तिने खाली बघत बाक गाठला. पहिले काही आठवडे तिला वेगाने लिहून घेता येईना. दूरशिक्षणात पुस्तक थांबायचं, इथे शिकवणाऱ्या बाई थांबत नव्हत्या.

घरी चष्मेवाले काही विचारत नव्हते. टेबलावर आता ती एकटीच बसायची आणि ते बाहेरच्या खोलीत बातम्यांचा आवाज मोठा करायचे.

एका रविवारी तिचं पुस्तक टेबलावर उघडंच राहिलं होतं. ती गच्चीवरून कपडे घेऊन आली, तर चष्मेवाले पुस्तक हातात धरून उभ्या उभ्या वाचत होते. शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळावरचं प्रकरण होतं.

"हे काय लिहिलंय?" ते म्हणाले. "पाऊस पडला नाही, पीक गेलं, माणसं मेली. हे मी पाठ केलंय. आणि हा म्हणतो, धान्य होतं. त्याच वर्षी बंदरातून जहाजं भरभरून बाहेर गेलं."

"बंदराच्या नोंदी नंतर सापडल्या. बाईंनी सांगितलं परवा."

"मला पैकीच्या पैकी गुण होते या उत्तराला."

"तेव्हा तेच उत्तर होतं."

ते खुर्चीत बसले. पान उलटलं, पुन्हा मागे आले. मावशी कपड्यांच्या घड्या घालत राहिली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "त्या खिडकीतल्या बाईंशी मी जरा तिरकसच बोललो."

"जरा?"

"बरं, बराच. फेरपरीक्षेचा अर्ज कधीपर्यंत आहे?"

टेबलावर पुन्हा दोन दिवे लागले. फरक एवढाच की आता शंका ते विचारायचे आणि उत्तर ती द्यायची, आणि ते त्यांना सहज पचत होतं असं नाही. "तुझी बाई म्हणते म्हणून?" असं म्हणून ते वाद घालायचे. कधी कधी त्यांचंच बरोबर निघायचं, मग मावशी दुसऱ्या दिवशी ते वर्गात विचारायची आणि वर्गातला वाद घरी घेऊन यायची.

फेरपरीक्षेत तीन पेपर निघाले आणि चौथा राहिला. जो हातचा मळ म्हणून त्यांनी नीट वाचलाच नव्हता, तोच. अक्का म्हणाल्या, "फाजील आत्मविश्वास." पण या वेळी चष्मेवाले गुणपत्रिका उचलून चालायला लागले नाहीत. खिडकीतल्या बाईंना पुढची तारीख विचारून आले. दुसऱ्या खेपेला तोही सुटला.

मावशीला पदवी मिळाली त्याच उन्हाळ्यात त्यांचा तिसऱ्या वर्षाचा प्रवेश पक्का झाला. दुकानाच्या मालकाने सकाळची पाळी दुपारवर नेली. पहिल्या तासाच्या आदल्या संध्याकाळी चष्मेवाले इस्त्रीचा शर्ट दाराला टांगून स्वयंपाकघरात आले.

"बसायचं कुठे तिथे?"

"दुसऱ्या रांगेत. खिडकीजवळ नको, फळ्यावर ऊन येतं, काही दिसत नाही. आणि सुरुवातीला हात फार वर करू नका."

"का?"

"शिकवणाऱ्या बाईंना मी सांगून ठेवलंय की तुम्ही येताय."

"काय सांगितलंस?"

"वाद घालतात म्हणून," मावशी म्हणाली आणि पोळपाट धुवायला घेतला. ते दारात जरा घुटमळले. मग आत येऊन त्यांनी फडकं घेतलं आणि धुतलेली भांडी पुसून मांडायला लागले.