छबूबाईचा माग

नूरमहंमदची बायको इमामबी ओढ्यातल्या बाभळीखाली सापडल्याचं सांगायला बन्सी मेंढपाळ धावत आला, तेव्हा नूरमहंमद अंगणात शेरा कुत्र्याची दोरी धरून बसला होता. बन्सीनं पागोटं काढून हातात घेतलं. मग त्याला काही सांगावं लागलं नाही.

झालं होतं असं, की इमामबी तापानं फणफणली होती. नूरमहंमद शेराला घेऊन औषध आणायला जामखेडला गेला, आणि मागं ती भ्रमात उठून चालू लागली. शेजारच्या छबूबाईला वाटलं, ताप उतरला, बया बहिणीच्या गावाला गेली. ताप उतरलेल्या घरात आधी सारवण आणि धुणं, ही गावची रीत. छबूबाईनं घर शेणानं सारवलं, वाकळा, लुगडी, चोळ्या राखेच्या पाण्यात उकळून वाळत घातल्या. शेजारधर्मच तो.

नूरमहंमद परतला. लढाईत पलटणीच्या कुत्र्यांना माग काढायला शिकवलेला माणूस, पण शेराला हुंगायला द्यावी अशी इमामबीची एक चिंधी घरात उरली नव्हती. अंगण माणसांनी तुडवलेलं. शेरा गोल गोल फिरला आणि खाली बसला. सारा गाव बहिणीच्या गावच्या वाटेनं शोधत गेला. ओढा दुसऱ्या अंगाला, जेमतेम अर्ध्या कोसावर. तिथं इमामबीनं पाण्यासाठी हातानं वाळू उकरली होती. म्हणजे ती बराच वेळ जिवंत होती.

इमामबीचा चाळिसावा दिवस झाल्यावर नूरमहंमदनं गावात सांगितलं, शुक्रवारी नमाज झाली की कुत्री घेऊन माझ्या अंगणात या, माग काढायला शिकवतो. मेंढपाळ आले, पोलीस पाटील काकासाहेबही आले.

"चाचा, माझा वाघ्या वास वळखतो, पर निस्त्या भाकरीचा," बन्सी म्हणाला.

"मंग तू हरवशील तवा कंबरंला भाकर बांधून हरव," काकासाहेब म्हणाले.

सगळे हसले. नूरमहंमदनं पहिला धडा सांगितला. "मानूस हरवलं की त्याचं कापड धुवायचं न्हाई. घर सारवायचं न्हाई. अंगनात कुनी पाय ठिवायचा न्हाई."

कुंपणापलीकडे छबूबाई गोवऱ्या थापत होती. तिचा हात थांबला. नूरमहंमदनं ते पाहिलं. पण नवा माणूस आला की धडा पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागे. छबूबाई शुक्रवारी बाहेर दिसेनाशी झाली.

मग एका शुक्रवारी ती आपणहून आली. हातात तिचंच वापरलेलं, न धुतलेलं लुगडं.

"भाऊ, आज मला हुडका."

"लपनार कुटं?"

"ते सांगितलं तर तुमची शाळा कशाची?"

ती गेली. बऱ्याच वेळानं बन्सीनं लुगडं वाघ्याच्या नाकाशी धरलं. वाघ्या नाक खाली घालून निघाला, मागं सगळे. वाट ओढ्याकडे वळली तिथंच नूरमहंमदला कळलं, ती कुठं असेल.

छबूबाई त्याच बाभळीखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वाघ्यानं तिचा हात चाटला. मेंढपाळांनी आरोळी ठोकली.

"भाऊ," ती म्हणाली, "यवढंच अंतर हुतं वो."

नूरमहंमदनं खिशातला गूळ फोडून वाघ्याला दिला. कुत्र्याला शाबासकी तिथल्या तिथं द्यायची, उशीर झाला की त्याला उमजत नाही, हे तोच सगळ्यांना शिकवत असे. मग छबूबाईकडे न बघता तो वाघ्याच्या गळ्यात दोरी बांधू लागला. ती उठली, पदर झटकला आणि एकटीच गावाकडे चालू लागली.

वर्ग अजून भरतो. वाघ्या आता भाकरीवाचून माग काढतो. तुझी चूक नव्हती, एवढं छबूबाईला सांगायचं मात्र नूरमहंमदचं राहिलं आहे.