बाळवहीतला फेब्रुवारी

तुमच्याशी बोलतेय ती मी एक वही आहे. तळहाताहून थोडी मोठी, गुलाबी पुठ्ठ्याची. जपानमध्ये मला बोशी-तेचो म्हणतात, म्हणजे आई आणि बाळ यांची नोंदवही. कौमुदीनं माझं नाव बाळवही ठेवलं, आणि मला तेच जास्त आवडतं.

मी तोक्योतल्या कुठल्याशा छापखान्यात तयार झाले. तिथलं शाईच्या वासापलीकडे काही आठवत नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते २००२ सालच्या जुलैत, वॉर्डच्या कचेरीत. तिथे दिवस राहिले की कचेरीत कळवायचं असतं आणि कळवलं की माझ्यासारखी एक वही हाती येते. माझ्यात डाव्या बाजूला जपानी आणि उजव्या बाजूला इंग्रजी होतं. परदेशी बायकांसाठी तशा वह्या वेगळ्या ठेवलेल्या असत.

कौमुदी घैसास ही पुण्याची मुलगी. तिचा नवरा अंबरीष सॉफ्टवेअर इंजिनिअर. दोघं हिगाशी-कासाईत सहाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. माझ्यावर नाव लिहायची चौकट चार-पाच अक्षरांची होती. काउंटरवरच्या बाईंनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि शेवटी बारीक अक्षरात दोन ओळी केल्या.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या.

"अहो, मधलं नाव सोडलं म्हणून हे तर थोडक्यात आटोपलं," कौमुदी मराठीतच हसून म्हणाली. त्यांना ते कळलं नाही, पण त्याही हसल्या.

मग मी तिच्या पिशवीत राहू लागले. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा त्याचा तक्ता, खजूर आणि छत्री यांच्यामध्ये माझी जागा. दर महिन्याला दवाखान्यात वजन, रक्तदाब, पोटाचा घेर माझ्यावर लिहिला जाई. सगळे आकडे चांगले होते. माणसं आपल्या तब्येतीचे चांगले आकडे दहादा वाचतात, हे मला तेव्हा कळलं. कौमुदी ट्रेनमध्ये बसली की मला उघडायची आणि तेच पान वाचायची.

बाळाची तारीख होती ५ मार्च २००३. कौमुदीची आई १ मार्चला यायची होती.

जानेवारीच्या शेवटी अंबरीषला कुवेतला जावं लागलं. तिथल्या बंदरावर तेलाच्या टाक्या होत्या. टाकीत तेल कुठवर आहे ते दाखवणारी संगणक-यंत्रणा एक जपानी कंपनी बसवत होती, आणि अंबरीष ज्या छोट्या कंपनीचा माणूस होता तिनं त्यातला प्रोग्रॅम लिहिला होता.

"तीन आठवडे गं. पंधरा फेब्रुवारीला घरी," तो म्हणाला. "तुला डोहाळे लागायचे ते आता संपलेत. चुकणार काहीच नाही."

"तू चुकणार," कौमुदी म्हणाली आणि त्याच्या बॅगेत लोकरी मोजे कोंबले. कुवेतमध्ये मोजे कशाला, हे तिला कुणी विचारलं नाही.

तो गेला त्याच आठवड्यात दवाखान्यात होणाऱ्या आयांचा वर्ग होता. तिथल्या नर्सबाईंनी माझी शेवटची कोरी पानं उघडून दाखवली. "ही पानं आमची नाहीत, तुमची. बाळ मोठं झाल्यावर त्याला काय सांगाल, ते लिहा. हवामान लिहा, बातमी लिहा."

२ फेब्रुवारीला, रविवारी सकाळी कौमुदीनं टीव्ही लावला आणि उभीच राहिली. आकाशात पांढऱ्या रेघा फुटत जात होत्या. कोलंबिया यान परतताना कोसळलं होतं. सात जण गेले, त्यांत एक कर्नालची मुलगी होती. मग कौमुदीनं मला काढलं आणि पहिली ओळ लिहिली: "बाळा, तू यायचास किंवा यायचीस त्या महिन्याच्या सुरुवातीला सात माणसं घरी पोचता पोचता राहिली. उतरायला सोळाच मिनिटं राहिली होती, आणि घरचे उभे होते वाट बघत."

तिचं अक्षर दाबून लिहिलेलं होतं. मला मागच्या पानापर्यंत ते जाणवलं.

पण ती फक्त वाईटच लिहायची असं नाही. दक्षिण आफ्रिकेत क्रिकेटचा विश्वचषक सुरू झाला, ते लिहिलं. कोण जन्मलं तेही लिहायची. "आज पावरोटीच्या दुकानातल्या आजींना नातू झाला. आज माझ्या मैत्रिणीला, अक्षयाला, औंधला मुलगी झाली. तुझ्याहून तीन आठवड्यांनी मोठी." एक नोंद कुवेतची होती. अंबरीषच्या साइटवर कुरियन नावाचा केरळी वेल्डर होता. त्याला मुलगा झाला. कुरियननं कोट्टायमला फोन लावला, तिकडून बाळाचं रडणं ऐकलं आणि रिसीव्हर सगळ्यांच्या कानाला लावत फिरला. "तुझ्या बाबांनीही ऐकलं. म्हणाले, आवाज खणखणीत आहे."

१२ तारखेला दुपारी फोन आला. कौमुदीनं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"परत यायचं थोडं पुढे गेलंय," अंबरीष म्हणाला. "महिनाअखेर म्हणतायत."

"महिनाअखेर? अरे, आणि मग पाच तारीख!"

"हो. माहितेय मला."

"तुझ्याबरोबरची माणसं काय म्हणतात?"

"जपानी माणसं काल गेली. तोक्योहून यादी आली होती. बगदादवर कधीही हल्ला होईल, परिस्थिती बघता परत या म्हणून."

"आणि तू?"

"यादी कंपनीच्या माणसांची होती. मी कंत्राटातला. आम्ही सोळा जण आहोत इथे. मी, कुरियन, बाकीचे फिलिपिनो आणि बांगलादेशी." मग घाईनं म्हणाला, "इथे तसं काही नाहीये गं. बाजार चालू आहे. लोक फक्त खिडक्यांना चिकटपट्टी लावतायत."

हे शेवटचं त्यानं सांगायला नको होतं.

पुढचे दिवस माझ्यात असे आहेत. १५ तारीख: "स्कॉटलंडमध्ये डॉली नावाची मेंढी वारली. तिला बाप नव्हता म्हणे. तुला आहे." १६ तारीख: "काल जगभर माणसं रस्त्यावर आली, युद्ध नको म्हणायला. लंडन, रोम, इथे तोक्योतही. मी पाय सुजल्यामुळे गेले नाही. पण मला धरा त्यांच्यात." १८ तारीख: "कोरियात भुयारी रेल्वेत आग लागली. शंभरावर माणसं गेली." त्याखाली काहीच नाही. पेन टेकवून उचलल्याचा नुसता ठिपका आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या अरुणाताई धिरडी घेऊन आल्या. नऊ वर्षं जपानात काढलेल्या, जपानी फाडफाड बोलणाऱ्या. त्यांना कौमुदी दारात तयार दिसली. कोट अंगात, मी पिशवीत.

"कुठे निघालीस गं या अवस्थेत?"

"त्या कंपनीत. निहोनबाशीला. तुम्ही येता का? मला तिथे बोलता येणार नाही."

"फोन करून वेळ ठरवावी लागते इथे."

"फोनवर ते नाही म्हणतील, अरुणाताई. समोर पोट बघून नाही म्हणणं अवघड जातं."

अरुणाताईंनी धिरड्यांचा डबा तिथेच चपलांच्या कपाटावर ठेवला आणि कोट आणायला खाली गेल्या.

तोझाई लाइनची गाडी निशी-कासाईहून उंचावरून जाते. नदीवरचा पूल ओलांडला की जमिनीखाली शिरते. आदल्या दिवशीची आग सगळ्या डब्याच्या मनात असावी. कुणी पेपर उघडला नव्हता. गाडी अंधारात शिरली तशी कौमुदीनं पिशवीत हात घालून मला घट्ट धरलं. तिची बोटं घामेजली होती.

कंपनीत त्यांना एका छोट्या खोलीत बसवलं. या कामाचे प्रमुख मोरिता-सान, म्हणजे मोरितासाहेब, आले. साठी ओलांडलेले, मार्चअखेर निवृत्त होणारे. आधी खाली वाकून त्यांनी क्षमा मागितली. मग सांगायला लागले: काम शेवटच्या टप्प्यात आहे, दहाच दिवसांचा प्रश्न आहे, घैसास-सानवाचून ते अडेल. अरुणाताई एकेक वाक्य मराठीत करून देत होत्या.

कौमुदीनं मला टेबलावर ठेवलं आणि एक पान उघडलं. त्यावर वर छापलं होतं: वडिलांनी बाळासाठी लिहावे. खाली कोऱ्या रेघा.

"त्यांना विचारा," ती अरुणाताईंना म्हणाली, "दहा दिवसांत तिथे काही झालं, तर हे पान मी कुणाकडून लिहून घेऊ?"

अरुणाताईंनी ते जपानीत सांगितलं.

मोरिता-सानांनी मला उचललं. त्यांचे हात कोरडे आणि गार होते. त्यांनी आकड्यांची पानं चाळली, मग मागची पानं. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं, पण तारखा येत होत्या. दोन, पाच, नऊ, चौदा, पंधरा, सोळा. १८ तारखेवरच्या ठिपक्यावर त्यांचं बोट थांबलं.

"माझ्या आईकडे अशी वही नव्हती," ते म्हणाले. "तेव्हा निघालीच नव्हती. मी एक्केचाळीसच्या नोव्हेंबरातला. पुढच्या महिन्यात युद्ध पेटलं. वडील दक्षिणेकडे जहाजावर होते. मी झालो ही तार त्यांना मिळाली का, ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही."

खोलीत चहा निवत होता. कौमुदीनं हळूच विचारलं, "ते परत..."

मोरिता-सानांनी मान हलवली. नाही. मग मला मिटून त्यांनी तिच्यासमोर ठेवलं. "मी विचार करतो."

लिफ्टमधून खाली उतरल्यावर अरुणाताई म्हणाल्या, "तुला खोटं नाही सांगत. इथे 'विचार करतो' म्हणजे बहुतेक वेळा नाही असतं."

गुरुवार तसाच गेला. कौमुदीनं बाळाचे कपडे धुतले, वाळवले, घडी केले आणि पुन्हा धुतले. माझ्यात तिनं काही लिहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. तिकडून अंबरीष इतका मोठ्यानं बोलत होता की पिशवीतल्या मलाही ऐकू आलं.

"काम थांबवलंय! मोरिता-सानांनी सहीचं पत्र पाठवलंय. साइट बंद. सगळ्यांची तिकिटं काढतायत."

"सगळ्यांची म्हणजे?"

"सोळाच्या सोळा. कुरियनसुद्धा चाललाय. तो इथे माझ्या शेजारी नाचतोय. कौमुदी, ऐकतेस ना? अगं, बोल की."

कौमुदी भिंतीला टेकून खाली बसली आणि हसत हसत रडली. मग उठून तिनं दोन दिवसांपूर्वीच्या डब्यातलं एक कडक धिरडं उभ्या उभ्या खाल्लं. मागचे नऊ दिवस ती जेवत होती ती बाळासाठी. त्या दिवशी तिला भूक लागली होती.

अंबरीष सोमवारी नारिताला उतरला. पायात तेच लोकरी मोजे होते, कारण विमानात गारठा फार होता. गुरुवारी, २७ फेब्रुवारीला, दवाखान्यात अरुणाताईंचे यजमान धावत आले ते भारतानं इंग्लंडला हरवलं हे सांगायला. अंबरीषनं त्यांना खांद्याला धरून सांगितलं, "मुलगी झाली." नर्सबाईंनी माझ्यावर लिहिलं: सकाळी ११ वाजून २० मिनिटं, २९४० ग्रॅम, ४८.५ सेंटिमीटर. आई आणि बाळ सुखरूप.

माझ्या आयुष्यात माझ्यावर खूप काही लिहिलं गेलं. इतकं हलकं मला कुठल्याच शब्दांनी वाटलं नाही.

वडिलांचं पान अंबरीषनं दुसऱ्या दिवशी घेतलं. त्यानं एवढंच लिहिलं, "मी वेळेवर पोचलो."

२० मार्चला दुपारी टीव्हीवर बगदादचं आकाश दिसलं. मिताली, तीन आठवड्यांची, टबात आंघोळ करत होती. अंबरीषनं तिचं डोकं तळहातावर तोलून धरलं होतं. कौमुदीच्या आईनं टॉवेल पुढे केला. आपण सुटलो, असं कुणी मोठ्यानं म्हणालं नाही. पण तिघांनीही एकाच वेळी श्वास सोडला, हे मी ऐकलं. मग अंबरीष म्हणाला, "आई, टीव्ही बंद करता का? तिला पाणी आवडतंय, बघा."

त्या उन्हाळ्यात कोट्टायमहून एक फोटो आला. कुरियन, त्याची बायको आणि एक गुटगुटीत मुलगा. तो फोटो माझ्या प्लॅस्टिकच्या कव्हरात आहे. मोरिता-सान एकदा येऊन गेले, निवृत्त झाल्यावर. मितालीला त्यांनी मांडीवर घेतलं, आणि तिनं त्यांच्या टायवर दूध काढलं. कौमुदी ओशाळली. ते मात्र टाय पुसायला उठले नाहीत.

पुढची वर्षं साधी होती. लशींचे शिक्के, पहिला दात, कांजिण्या, उंचीच्या तक्त्यावर वर चढत गेलेली रेघ. मिताली कौमुदीशी जपानीत बोलायची आणि कौमुदी तिला मराठीत उत्तर द्यायची. दोघींचं भांडणही तसंच चालायचं.

माझं काम मूल शाळेत जाईपर्यंतचं. २००९ च्या एप्रिलात मिताली पहिलीत जायची होती. त्याआधीच्या शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी तिची उंची लिहिली, ११२.३, आणि मला मिटलं. नर्स म्हणाली, "ओत्सुकारेसामा देश्ता." काम संपवून उठणाऱ्या माणसाला तिथे असं म्हणतात. फार कष्ट घेतलेत, आता बसा. कौमुदीला वाटलं ते तिला म्हटलं. मिताली म्हणाली, "नाही, मला."

मीही ते माझ्यासाठी घेतलं.

आता मी पुण्यात आहे, मितालीच्या थंडीच्या कपड्यांखाली. इथल्या डॉक्टरांना माझी अक्षरं वाचता येत नाहीत आणि लागतही नाहीत. कधीतरी कुठेतरी युद्धाच्या बातम्या लागतात. तेव्हा मी त्या देशातल्या बाळंतिणींचा विचार करते, आणि त्यांच्याकडे पोचायला निघालेल्या माणसांचा. तुमच्या हातात जर कधी अशी एखादी यादी आली, कुणाला घरी पाठवायचं याची, तर एवढंच करा: पेन ठेवण्याआधी विचारा, कुणी राहिलं का?

बरं, येते मी. कपाट बंद करा. लोकरीत छान ऊब आहे.