पाचांना एक टाचणी

महापालिकेच्या मृत्यू नोंदणीतल्या कारकुनाच्या मते शहरात दोनच माणसं हुशार होती. दुसरा कोण, हे अजून ठरायचं होतं.

जन्म नाल्यापलीकडचा. तिथे एकाच समाजाची वस्ती. नोकरी लागताच त्याने अलीकडे भाड्याने खोली घेतली. घरमालकाला आडनाव सोडून सगळं सांगितलं.

नवी रुग्णवाहिका कुठे उभी करायची हे ठरवायला साहेबांनी शहराचा नकाशा लावून हुकूम दिला होता : एका मयताला एक टाचणी. पलीकडची वस्ती भरता भरता डबी संपत आली. नवी मागायची तर तीन सह्या. कारकुनाने डोकं चालवलं : पलीकडे पाच मयतांना एक टाचणी. नकाशा कसा देखणा दिसू लागला! कोपऱ्यात तसा खुलासा लिहायचा होता. पण त्यासाठी अक्षर चांगलं येण्याच्या दिवसाची तो वाट पाहत होता.

समितीने नकाशा पाहिला. "दोन्हीकडे सारखंच! मग रुग्णवाहिका पलीकडे कशाला?" निर्णयावर शेवटची सही सोमवारी. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. त्याने ती वाकून थोपटून घेतली.

रविवारी तो नाल्यापलीकडे ताईकडे गेला. ताई शिवणकाम करायची. दम्याने दोन टाक्यांमागे एकदा थांबायची.

"गाडी कधी येतेय रे? शेजारीण पुलावर हातगाडीतच गेली. तिला लावलीस ना टाचणी?"

"लावली... म्हणजे, पाचवा हिस्सा."

सगळं ऐकून ताई बराच वेळ खोकली. मग म्हणाली, "इथे एका खोलीत पाच राहतो. मेल्यावर एका टाचणीवर पाच. वा रे शहाण्या! दाटी तेवढी मोडू दिली नाहीस." तिने शिवणाच्या टाचण्यांची डबी पुढे सरकवली. "घे. हिला सह्या लागत नाहीत."

सोमवारी नकाशावर नाल्यापलीकडे टाचण्यांखाली कागद दिसेना. समितीतले एक सभासद चष्मा सावरत पुढे आले. ते त्याचे घरमालक होते.

"हे कोणी केलं?"

"मीच. आधीचं वाटोळंही मीच केलं होतं." आवाज चिरकला, शौर्याची सवय नव्हती.

"तुम्हाला त्या लोकांचा एवढा पुळका का?"

"माझी ताई आहे तिथे." मग त्याने आडनावही सांगितलं.

गाडी पलीकडे उभी करायचं ठरलं. खोली मात्र त्याच संध्याकाळी गेली. ट्रंक घेऊन तो दारात उभा राहिला, तेव्हा ताईने त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"ये. पाच होतो, सहा झालो. तुझ्या हिशोबाने आता दुसरी टाचणी लागणार."